शेजारचे आजोबा

प्रिय अपूर्वा,

रविवारी तू आलीस तेव्हा मी सेफ्टी डोअर उघडलं नाही. जाळीतूनच बोलले. इतक्या वर्षांत तुझ्याशी असं कधी वागले नव्हते, आणि ते तुझ्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. तू सरांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची पानं घेऊन उभी होतीस, जिने चढून धापा टाकत होतीस, आणि मी तुला साधं पाणीही विचारलं नाही. "सर झोपलेत गं," असं म्हणाले. नेमका तेव्हाच आतून आवाज आला. तू मान वळवून ऐकलंस आणि विचारलंस, "काकू, आत कोण वाचतंय?" मी म्हणाले, "शेजारचे आजोबा आलेत, नातवाला घेऊन." तू पानांचं पाकीट जाळीतून आत सरकवलंस, "सरांना नमस्कार सांगा," म्हणालीस आणि निघून गेलीस.

मी फोन करणार होते. पण तू "काय झालंय, काकू?" असं विचारलंस की माझ्या तोंडून "काही नाही गं" हेच येणार. गेले कित्येक महिने माझ्या जिभेला तेवढीच सवय उरली आहे. म्हणून लिहिते आहे.

अकरावीत असताना तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस, ते मला परवापासून सारखं आठवतंय. तुझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमागे तू शनी काढला होतास. सर रागावायच्या ऐवजी ते जर्नलच घरी घेऊन आले आणि मला म्हणाले, "उत्तरा, ह्या मुलीला सावली कळते." पुढच्या रविवारी तू गोवंडीहून बस बदलत बदलत मुलुंडला आलीस आणि दारात चपला काढून तशीच उभी राहिलीस, कुणी बस म्हणेपर्यंत. मग दर रविवारी. त्यांचं कॉलेजच्या मुलांसाठीचं मोठं पुस्तक तेव्हा होऊन गेलं होतं. आता शाळेतल्या मुलांसाठी लिहायचं ठरलं आणि चित्रं तू काढायची, असं त्यांनी तुला न विचारताच जाहीर केलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर ते सांगायचे, तू काढायचीस आणि मी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. नेपच्यूनच्या निळ्यावरून तुम्ही दोघं असे भांडायचात की आमटी गार व्हायची. आम्हाला मूल नाही, ही गोष्ट मला त्या दिवसांत आठवतही नसे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुढे तू प्रकाशन संस्थेत लागलीस, आणि एक दिवस ते पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन आलीस. दोन वर्षांच्या मुलांसाठी. गोल कोपऱ्यांचं, बाळानं चघळलं तरी फाटणार नाही असं. शब्द तुझे, चित्रं तुझी, तुझं एकटीचं पहिलं पुस्तक. मी थालीपीठं लावत होते. सरांनी चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं, "हा सूर्य. सूर्य गरम. हा गुरू. गुरू मोठा." मग पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले, "संपलं? अगं, सूर्यमाला म्हणजे काय खुळखुळा आहे? याच्यासाठी शिकवलं तुला?" तू शांतपणे म्हणालीस, "सर, एवढ्याशा बाळाला एवढंच पुरतं. पुढचं ते मोठं झाल्यावर तुमच्या पुस्तकात वाचेल." त्यावर ते म्हणाले, "बाळांनी दूध प्यावं. त्यांना कशाला हवेत ग्रह?" आणि मी हसले, अपूर्वा. स्वयंपाकघराच्या दारात उलथनं हातात घेऊन मी हसले. तू अर्धं थालीपीठ ताटात टाकून उठलीस. त्यानंतर तू यायचीस ती दिवाळीला आणि गुरुपौर्णिमेला, तेही उभ्या उभ्या.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते. गेल्या गणपतीच्या आधी सर पडले. त्यांचा उजवा हात थोडा अधू झालाय, एवढंच मी तुला कळवलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मेंदूचा रक्तपुरवठा अडला आणि त्यात त्यांचे शब्द गेले. वाचाघात म्हणतात त्याला. माणसं ओळखतात, काय चाललंय ते समजतं, पण बोलायला जावं तर शब्द हाताशी येत नाही. वाचताही येत नाही. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा एकच शब्द यायचा, "नाही". चहा हवा का विचारलं की "नाही, नाही" म्हणत कपाकडे हात करायचे, आणि आपल्या तोंडून हे काय निघालं म्हणून चकित होऊन माझ्याकडे बघायचे. 

नातेवाईकांना, सोसायटीत, तुला, सगळ्यांना मी एकच सांगितलं, की बरे आहेत, विश्रांती घेताहेत. दिवाळीलाही तुला हेच सांगून येऊ दिलं नाही. लोकांच्या वर्दळीचा त्यांना त्रास नको, असं मी स्वतःलाही समजावत होते. तसं नव्हतं. मला त्यांची लाज वाटत होती. ज्यांचं बोलणं ऐकायला मुलं खिडक्यांत बसायची, त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसताना मला ओशाळायला व्हायचं, आणि कुणी पाहत तर नाही ना म्हणून मी आधी दाराकडे बघायचे. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आत्ता पुन्हा उचललंय.

मग तुमच्या ऑफिसनं शाळेचं पुस्तक नव्यानं काढायचं ठरवलं आणि तुझे मेसेज सरांच्या फोनवर येऊ लागले. त्या मेसेजना त्यांच्या नावानं उत्तरं मी दिली. सगळी. शनीच्या चंद्रांचा आकडा सारखा बदलतोय, कुठला घ्यायचा, असं तू विचारलंस. मला त्यातलं काय कळतंय? पण त्यांची तऱ्हा मला पाठ. मी लिहिलं, "ताजा आकडा शोधणं संपादकाचं काम. मला काय विचारतेस?" पाठवून टाकलं, आणि खरं सांगते, जमलं म्हणून मला जरा बरंही वाटलं. थोड्या वेळानं तुझा मेसेज आला, "सर, अजून रागावलात का माझ्यावर?" मी तो वाचला आणि फोन पालथा घातला. सर समोरच बसले होते, डाव्या हातानं पोळीचा तुकडा मोडायची खटपट करत. त्यांना मी काही सांगितलं नाही.

घरी बोलण्याचे व्यायाम घ्यायला नीलम नावाची मुलगी येते, घाटकोपरहून. फटकळ आहे, पण हाताला धरून शिकवते. ती म्हणाली, यांना आवडतं असं एखादं पुस्तक द्या. मी मोठ्या अभिमानानं त्यांचंच मोठं पुस्तक पुढे ठेवलं. सरांनी ते उघडलं, बराच वेळ पानाकडे बघितलं, पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि मग ते ढकलून दिलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. नीलम म्हणाली, "काकू, एवढं नको. मोठं चित्र आणि दोन शब्द, असं काही आहे का घरात?" आमच्या घरात तसं एकच पुस्तक होतं. त्यांनी खालच्या फळीवर मागे सारलेलं. मी ते पुसून आणलं. त्यांनी ओळखलं. मुखपृष्ठावर डावा हात ठेवला. मला वाटलं आता हेही ढकलतील. त्यांनी पहिलं पान उघडलं.

"सूर्य" यायला कितीतरी दिवस लागले. आधी नुसताच "सू". मग "गरम" आधी यायचा आणि "सूर्य" मागून. ज्या सकाळी दोन्ही ओळीनं आले त्या सकाळी ते टाळी वाजवायला गेले आणि उजवा हात उठेना, म्हणून मांडीवर डावाच आपटला. मग बुध, शुक्र, पृथ्वी. रोज, पुन्हा पुन्हा, वरच्या आवाजात. आणि मी काय केलं असेल? पॅसेजकडची खिडकी लावून घेतली. ते वाचायला बसले की मी स्वयंपाकघरात मिक्सर लावायचे, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. एकदा नीलम आत पाणी प्यायला आली. मिक्सरकडे बघून म्हणाली, "काकू, भांडं रिकामं आहे." मी बटण बंद केलं. त्या दिवसापासून तिच्या नजरेला नजर द्यायला मी कचरते.

तर रविवारी आतून येणारा आवाज त्यांचा होता. तुला कळलं असेल किंवा नसेलही, कारण आता तो घोगरा झालाय आणि शब्द ओढून येतात. पण त्यांना मात्र तू आलेली कळली होती. तुझा आवाज ऐकला आणि त्यांनी पुस्तक उघडलं. "शनी. शनीला कडी." इतकं स्वच्छ त्यांनी आधी कधी वाचलं नव्हतं. ते तुझ्यासाठी वाचत होते, अपूर्वा. तुला ऐकू जावं म्हणून जोर लावत होते. आणि मी दारात उभी राहून त्यांना शेजारचे आजोबा करून टाकलं. दुसऱ्या कुणासमोर कदाचित सुचलंही नसतं. पण ज्या पुस्तकावर आम्ही दोघं तुझ्यासमोर हसलो होतो, तेच त्यांना वाचताना तू पाहावंस, हे मला सोसवेना.

मी आत गेले तेव्हा पुस्तक मिटून त्यांच्या मांडीवर होतं. मी म्हणाले, "अहो, अपूर्वा घाईत होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

त्यानंतर काल दुपारपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. सूर्यही नाही. नीलम आली तर भिंतीकडे तोंड करून बसले. तिनं मला बाहेर नेऊन विचारलं, काय झालं? तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगता? त्यांना सांगा. त्यांना सगळं कळतं, हे तुम्ही विसरताय." काल दुपारी मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि म्हणाले, "मला तुमची लाज वाटली. म्हणून मी तिला आत घेतलं नाही." मग मी त्यांचा फोन आणला आणि त्यांच्या नावानं तुला पाठवलेला एकेक मेसेज वाचून दाखवला. चंद्रांच्या उत्तराला त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. मग तुझा तो शेवटचा मेसेज वाचला, रागावलात का हा. त्यांचे ओठ हलायला लागले. बराच वेळ नुसतेच हलत राहिले. नीलमनं बजावलंय, शब्द पुरवायचा नाही, म्हणून मी दातांवर दात धरून बसले. शेवटी ते म्हणाले, "ये." मला वाटलं मलाच जवळ बोलावताहेत, म्हणून मी सरकले. त्यांनी जोरानं मान हलवली, माझ्या हातातल्या फोनवर बोट टेकवलं आणि पुन्हा म्हणाले, "ये."

हा शब्द तुझ्या पुस्तकात नाही. नीलमनंही तो त्यांच्याकडून करून घेतलेला नाही. तो त्यांचा आहे आणि तुझ्यासाठी आहे, आणि तो तुझ्यापर्यंत पोचवायला म्हणून मी हे पत्र लिहिलं. मेसेज मुद्दाम केला नाही. त्या फोनवरून गेलेलं आता तू खरं कशाला धरशील? नव्या आवृत्तीत माझ्या उत्तरांवर जे काही छापायला घेतलं असेल ते थांबव, आणि ऑफिसात माझं नाव सांग. तू माझ्यावर रागावली असशील तर ते बरोबरच आहे. रागावूनच ये. मी आतल्या खोलीत जाऊन बसेन, तुम्ही दोघं बोला. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, बघून तू दचकशील. दचकलीस तर दचक, लपवू नकोस. या घरात लपवणं माझ्या एकटीनंच खूप झालंय.

तुझीच,
उत्तराकाकू