डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी घेऊन जातेय

मास्तरीणबाई,

डबे पाहून ओरडू नकोस. मला इंग्रजी यावं म्हणून तू चिकटवलेल्या चिठ्ठ्या मीच काढल्यात. शुगर, सॉल्ट, सगळ्या पर्समध्ये आहेत, बसमध्ये एकदा वाचेन. ते मेलं टर्मरिक अजून जिभेवर बसत नाही. हॉस्पिटलच्या किचनमध्ये मुलाखतीला चाललेय, एकटीच. तुला मुद्दाम उठवलं नाही.

मागच्या मुलाखतीत बाईंनी विचारलं मला आणि उत्तरं दिलीस तू. तिथे स्वयंपाक कोण करणार होतं? तुझी माया कळते गं. पण मी ‘बॉईल’ म्हणायला तोंड उघडलं की तू मान खाली घालतेस, तेही दिसतं मला. तेल किती तापलंय ते मी नुसत्या वासावरून सांगते. ‘हॉट’ म्हणताना अडखळले, तर अडखळू दे.

भाजी झाकून ठेवलीय. चहा तुझा तू कर. साखर कुठली नि मीठ कुठलं, ते चाखून ओळख. मीही तशीच शिकले.

काय झालं ते दुपारी आल्यावर सांगेन, इंग्रजीतून. तेवढं वाक्य मला पुरं करू दे.

आई