जिन्यासकट खोली

मी, व्यंकटी रामहरी गिराम, वय चौऱ्याहत्तर, जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करून उभा राहिलेला माणूस, राहणार सेलू, जिल्हा परभणी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत, कान मात्र अजून भिंतीपलीकडचे ऐकतात. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणू पाहणारे चौघे येऊन गेले. त्यांना चहा पाजून परत पाठवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढची मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे, शेत सोडून. त्याचे खाली येईल.

कलम १. घराचा खालचा मजला, मोंढ्यातले, म्हणजे बाजारातले वर्कशॉप, लेथ मशीन व बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा भागवत याला. अंमलबजावणी सून मंजुषा हिने करावी. माझ्यानंतर या घरात तिचेच ऐकले जाईल. खरे तर आताही तसेच आहे.

कलम २. वरची खोली. माझी पत्नी कै. केशरबाई गेल्यावर ती रिकामी पडली. सात वर्षांपूर्वी खेड्यांतून शिकायला आलेल्या पोरांना मी ती अभ्यासाला उघडून दिली. भाडे नाही, नियम एकच. रविवारी संध्याकाळी पुस्तके मिटायची आणि प्रत्येकाने दुसऱ्याचा धर्म सांगायचा. स्वतःचा नाही. ज्याचा धर्म, त्याने समोर बसून ऐकायचे, आणि तो 'बरोबर' म्हणेपर्यंत सांगणाऱ्याने उठायचे नाही.

पहिल्याच रविवारी त्या पोरांतल्या योगीराजने रोजा सांगितला, "दिवसभर नुसतं फराळाचं खायचं. शाबू, भगर." नुसरत म्हणाली, "अरे येड्या, पाणी बी न्हाई! शाबू कुठला?" मग तिने एकादशी सांगितली : काहीच खायचे नाही, लय कडक. योगीराज मान खाली घालून म्हणाला, "रताळं चालतं. शेंगदाण्याचे लाडू, बटाट्याचा कीस..." "मग उपाशी कोण राहतं?" असे बौद्ध घरातल्या प्रियदर्शनीने विचारले, आणि पोरे इतकी हसली की वरचे पत्रे वाजले. योगीराजला 'बरोबर' मिळायला पुढचा रमजान उजाडला. तोवर त्याने स्वतः एक रोजा धरून पाहिला होता. आणि बुद्धाला नवस बोलतात असे नुसरतने सांगितले, तेव्हा प्रियदर्शनीने तिला दोन तास उठू दिले नाही.

ते हसणे शेजारच्या दिनकररावांनी ऐकले. त्यांना ती धर्माची टिंगल वाटली. मग आणखी तिघांना घेऊन आले, "यांना सोमवार द्या, त्यांना मंगळवार द्या. एकत्र कशाला?" मी म्हटले, कुलूप एक आहे, वेळही एकच राहील. भागवत म्हणाला, "बाबा, लोक लय बोलायलेत." म्हटले, "माझे कान तुझ्याहून बरे हायत. मी बी ऐकायलोय. म्हणूनच उघडी ठेवायलोय."

परवा हाच भागवत मंजुषाला हळूच सांगत होता, "बाबा खोली देत असले तर देऊ दे. जिना तर आपल्या ओट्यावरून जातो. खाली आडवं दार बसवू, किल्ली आपल्याकडं." मी शेजारच्या खोलीत पडलो होतो. झोपलो नव्हतो.

म्हणून नेमके लिहितो. वरची खोली, तिचा जिना पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, आणि रस्त्यापासून जिन्यापर्यंतची ओट्यावरची चार फूट वाट, हे सर्व नुसरत पठाण, प्रियदर्शनी खंदारे व योगीराज काळे या तिघांकडे विश्वस्त म्हणून देतो. विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, वार वाटून द्यायचे नाहीत. जिन्याला दार बसवायचे नाही.

कलम ३. ही युक्ती मी एकोणिसाव्या वर्षीच भोगली आहे. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या भावाने वाटणीत मला तीन एकर दिले. मधोमध, चारी अंगांनी त्याचे शेत. बैलगाडीपुरती वाट मागितली तर म्हणाला, "शेत दिलंय की. वाट कुठं ठरली व्हती?" त्या साली ज्वारी मी डोक्यावरून, बांधाबांधाने, शिव्या खात बाहेर काढली. पुढच्या साली सेलू गाठले. ते तीन एकर अजून माझ्या नावावर आहेत. तेही भागवतला देतो. चुलतभावांच्या दारात वाट मागायला उभा राहिला म्हणजे जिना काय असतो ते त्याला कळेल.

कलम ४. माझा लाकडी मुठीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. सेलूत आलो तेव्हा जिनिंगचे मिस्त्री मुनीरमियाँ यांनी तो माझ्या हातात दिला. मशीन बिघडले की मी नट सोडायला धावायचो. ते हातावर चापट मारत, "पैले सुन, फिर खोल." पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, आत काय दुखते ते ऐकू येते. खोलीचा नियम माझा नाही, त्यांचा आहे. पेचकस खोलीत खिळ्याला टांगलेला राहील. ज्या रविवारी भागवत वर जाऊन नुसरतला तिची नमाज सांगेल आणि तिचे 'बरोबर' मिळवेल, त्या दिवसापासून पेचकस त्याचा, आणि तो चौथा विश्वस्त. नुसरतने त्याला सवलत देऊ नये. पोरगा हुशार आहे, ऐकायची सवय नाही एवढेच.

कलम ५. माझ्या मरणापायी खोली एक दिवसही बंद ठेवू नये. रविवारी गेलो तर मला खाली ठेवा आणि वर चालू द्या. भावकीने नाक मुरडले तर मुरडू द्या.

ज्यांना मिळायचे आहे ते साक्षीदार नकोत, म्हणून तिघांपैकी कोणाला घेतले नाही. दिनकररावांना मुद्दाम बोलावले. उद्या कोणी म्हणाले की म्हाताऱ्याला भ्रम झाला होता, तर विरोधकाचीच सही पुढे करावी. ते खोटे बोलत नाहीत, आणि म्हणूनच आमचे भांडण इतकी वर्षे टिकले.

हे सर्व मीच सांगितले, वाचून घेतले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : सेलू, घराच्या जिन्याची तिसरी पायरी
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) व्यंकटी रामहरी गिराम

साक्षीदार :

१. (सही) डॉ. रेणुका पाथ्रीकर. आज सकाळी तपासले. शुद्ध व समज पूर्ण.

२. (सही) दिनकरराव बोराडे. वरची खोली मला पटत नाही, हे मी सहीआधी स्पष्ट सांगितले. व्यंकटराव म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. माझं डोकं ठिकाणावर हाय का, तेवढं लिहा." ठिकाणावर आहे. अडचण तीच आहे.