आमाची दुसरी फेरी

नोनो गुरमेत,

मठाची वस्त्रं उतरवून तू दिल्लीला गेलास, त्याला तीन वर्षं झाली. आई असून आमा अजून घरात तुझं नाव काढू देत नाही.

परवा तिला जीपने गोम्पात पूजेला नेलं. नवा रस्ता प्रत्येक स्तूपाच्या चुकीच्या बाजूने काढलाय. स्तूप उजव्या हाताला हवा, म्हणून म्हातारी दर वेळी खाली उतरते आणि पलीकडच्या जुन्या वाटेने चालत येते. मी पुढे थांबून हॉर्न वाजवतो आणि शिव्या खातो. परवा मात्र तिने प्रत्येक स्तूपाला दोन-दोन पूर्ण फेऱ्या घातल्या.

"आमा, गुडघे बघ तुझे! एक पुरे की!"

"गप रे गाढवा. एक माझी."

"आणि दुसरी?"

"त्या दिल्लीवाल्याची. तिथे कुठला आलाय त्याला स्तूप? आणि त्याला कळवलंस, तर तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही."

शेवटच्या स्तूपाशी ती दगडावर मटकन बसली. तुझी फेरी मीच घातली.

हे पत्र पाठवता येत नाही, म्हणून जीपच्या खणात ठेवतोय. आलास की पुढेच बस, हाताला लागेल. वाचून झालं की खाली उतर, तुझी फेरी तूच घाल.

तुझा थोरला भाऊ, तुझा अचो,
तुंडुप