शुक्रवारी बोटीवरून उतरू नकोस

बेलफोंतेन मळा, लुइझियाना
मंगळवार, ९ एप्रिल १९५७

प्रिय युलाली,

आम्ही सगळे धडधाकट आहोत, तुम्हीही तसेच असाल. ऊस यंदा बरा उगवलाय. नदी फुगलीय, पण अजून बांधाच्या आत आहे. गास्तोंमामाचा खोकला तसाच, आणि खोकत खोकत विड्या ओढणंही तसंच.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी परतताना तुमची बोट पुन्हा आमच्या धक्क्याला लागेल, तेव्हा खाली उतरू नकोस. डोकं दुखतंय म्हण, पोट बिघडलंय म्हण, काय वाट्टेल ते म्हण. पण खोलीबाहेर पाऊल टाकू नकोस.

हे पत्र अर्नेस्टीनच्या घरी पाठवतेय. बोटीवर तुमच्या खोल्या झाडते ना, ती. न्यू ऑर्लिअन्सला बोट थांबली की ती घरी जाते. तिला कळवलंय, निळ्या टोपीवाल्या मडमेनं (म्हणजे तू) माझ्याकडे गम्बोच्या कालवणाची कृती मागितली होती, तेवढी पोचव. तिला स्वतःच्या गम्बोचा एवढा ताठा, की दुसऱ्याची कृती ती उघडूनही बघायची नाही.

अगं, काल गम्बोचं भांडं घेऊन मागच्या व्हरांड्यात आले आणि समोर तू! बोटीच्या गोऱ्या पाहुण्यांच्या पंगतीत, नवरा एका बाजूला, सासू दुसऱ्या. भांडं कसं खाली टेकवलं, देवाला ठाऊक. आईच्या पोटी तू दुधाच्या रंगाची आलीस आणि मी कॉफीच्या. त्या रंगावर तू उत्तरेत गेलीस, गोरी म्हणून राहिलीस, गोऱ्याशी संसार थाटलास. मी कधी नावं ठेवली नाहीत. पण सिनसिनाटीत जे खपतं ते इथे खपत नाही. इथे काळ्या-गोऱ्यांचं लग्न म्हणजे सरळ तुरुंग. आणि तुरुंगाच्या आधी रात्री दोर घेऊन कोण दारात येऊन उभं राहतं, ते मी तुला सांगायला नको. बाबांचे भाऊ कसे गेले ते तू विसरली नसशील.

तुझ्या सासूला जुने मळे बघायची भारी हौस, हे तिच्या बडबडीवरून कळलंच. तू नाही तरी कसं म्हणणार होतीस?

पण बये, तो पाव! तुझ्यापुढे अख्खा पाव ठेवला, तू सुरी उचललीस आणि कापायच्या आधी त्याच्या पाठीवर क्रूस काढलास. आपल्या झोपड्यांमधली पोरंसोरं काढतात तसा. तुझी सासू हसली, "काय गं, पावाला मंत्र घालतेस की काय?" आणि मालकीणबाई, मिस कोरिन, मान वळवून म्हणाल्या, "कमाल आहे! हे तर आमची मळ्यावरची माणसं करतात. तुम्ही कुठे शिकलात?"

तू माझ्याकडे बोट केलंस. "मघाशी स्वयंपाकघरात या बाईला करताना पाहिलं."

मी म्हटलं, "हो मिस कोरिन, मीच दाखवलं. मडमना गंमत वाटली."

सगळे हसले, जेवायला लागले. मी गम्बो वाढत राहिले. "या बाईला" हे मला लागलं, हेही सांगून टाकते. पण त्या क्षणी तू दुसरं काही बोलली असतीस तर मी तुला थोबाडलं असतं.

मग एकदम आठवलं, आई! धक्क्याच्या वाटेवर पेकानच्या झाडाखाली ती वड्या विकत बसते. मागच्या वाटेनं मी धावत सुटले, तिला काहीतरी थाप मारून आत आणावं म्हणून. पोचले तर तुम्ही तिच्यापुढे उभे. तुझा नवरा तुला पुढे ढकलत होता, "घे ना गं, म्हातारीकडून काहीतरी घे." बरा माणूस दिसतो. म्हणूनच जास्त भीती वाटली; असा माणूस म्हातारीपाशी रेंगाळणार.

मोतीबिंदूमुळे आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस, शहाणी. पण वडी ठेवायला तिनं तुझा तळवा चाचपला आणि तुझं ते पंपात सापडून वाकडं झालेलं बोट तिच्या हाताला लागलं. तिचा हात तिथेच थांबला. सोडेचना. मी झाडाला धरून उभी. वाटलं, संपलं सगळं.

तुझ्या नवऱ्यानं विचारलं, "काय झालं, म्हातारे?"

"काही नाही साहेब," आई म्हणाली. "बाईसाहेबांचा हात गार पडलाय. उन्हात न्या त्यांना."

आणि तुझ्या हातात एक वडी जास्त ठेवून तिनं हात सोडला.

तेव्हापासून ती जेवलेली नाही. आज सकाळी मला म्हणाली, "अगं, तिला लिही. शुक्रवारी खुशाल उतर म्हणावं, बालपणीच्या जागा बघ म्हणावं. मी झाडाखाली नसेन, चर्चमध्ये जाईन. पोरीचा हात गारठला होता गं. आपल्या आईला भ्यायली ती."

तिचा निरोप लिहिला. आता माझं ऐक.

मी तिला ओळखून आहे. चर्चचं नाव सांगेल आणि स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी राहील, तुझी पावलं ऐकायला. काल एकदा तिनं जीभ आवरली. पुन्हा आवरेल याची हमी मी देणार नाही. ती तुला हाक मारेल, आणि घरच्या नावानंच मारेल. तू पकडली जाशील याची भीती मला आहेच, खोटं कशाला बोलू? पण काल दिवा मालवल्यावर मला जिनं झोपू दिलं नाही, ती भीती वेगळी. आई हाक मारेल आणि तू मागे वळून बघणार नाहीस. तुला वळता येणारच नाही, ते मला कळतं. तिला दिसत नाही गं, पण तुझी पावलं थांबली नाहीत हे तिला ऐकू येईल.

उतरू नकोस, लाली. वाचून झालं की हे नदीत सोडून दे.

खाली नाव लिहायचं धाडस होत नाही,
तुझी सख्खी बहीण