अलार्म बिघडलेला नाही

दादा,

तुझ्या गाडीत मीच बसवलेला अलार्म तपासला. रोज दुपारी उगाच वाजतो म्हणालास ना. बॅटरी चांगली आहे, दारांचे नि बॉनेटचे स्विच ठीक आहेत, वायरही कुठे तुटलेली नाही. रोज गाड्यांचं वायरिंग करते, तरी डोकं चालेना. मग मागच्या सीटवर बाबांची उशी आणि चष्मा सापडला.

दुपारी तुझं फोनवर ऑफिस चालतं, तेव्हा बाबांचा खोकला तुला नको असतो. म्हणून ते दुसरी किल्ली घेऊन गाडीत जाऊन बसतात. "तिथं खोकलं तरी चालतं," म्हणाले. सवयीप्रमाणे ते रिमोटनं लॉक करतात, म्हणजे अलार्म चालू होतो. मग नुसती कूस बदलली तरी आतली हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला वाटतं, चोर शिरलाय. बाबा घाबरून रिमोटचं बटण दाबून तो बंद करतात. तू मात्र एकदाही खाली उतरला नाहीस, खिडकीतूनच माझ्या नावानं खडे फोडलेस.

'तो सेन्सर उपटून टाक' म्हणाला होतास. टाकला नाही. त्याला निदान बाबा आत आहेत हे कळत होतं.

त्यांना माझ्याकडे नेतेय. औषधंही घेतलीत. किल्ली चपलांच्या रॅकवर आहे.

अलार्म आता वाजणार नाही. वाजलाच, तर या वेळी खाली उतर. खरा चोर असेल.

धाकटी