ऊन रंग खातं

आप्पा, काल आपल्या डाईंगच्या गटारीचा तळ दिसला. पंचवीस वर्षं तुम्ही तिथं हात लाल करून घेतलेत, तुम्हांला कधी दिसला होता का?

तुम्ही गेल्यावर मी कॉलेज सोडलं, हे तुम्हांला माहीत नाही. दुसऱ्या वर्षाला सर सगळ्यांसमोर म्हणाले, "रंगाऱ्याच्या पोराला केमिस्ट्री कशाला? बादली पुरे की." मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघालो तो थेट तुमच्या जागेवर, डाईंगमध्ये. डोकं तापतं ते तापतंच, काय करू? यंदा प्रदूषण तपासणीचे साहेब आले आणि शेठला बजावून गेले, महिन्यात पाण्यातला रंग काढा, नाहीतर कुलूप. आम्ही अकरा माणसं. शेवटी आपल्या घरासमोरच्या गच्चीवरची ती, आता एम.एस्सी. करते, तिनं स्वतः केलेली पुडीभर पांढरी भुकटी आणून दिली. झिंकची, नॅनो, एकेक कण इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. तिच्या भाषेत फोटोकॅटलिस्ट. "टाक आणि ढवळत राहा, रंग फुटून जाईल." चार दिवस बादलीत ढवळतोय, पाणी लालच. शेठ म्हणतो, "भुकटी हाय का रांगोळी?" मी फोनवर तिच्यावरच भडकलो. ती तशीच आली, बादली बघून कपाळाला हात लावला. "येड्या, पत्र्याखाली काय ठेवलीस? ऊन लागल्याशिवाय ती काम करत नाही. बाहेर काढ की!"

सावलीत ठेवली होती, आप्पा, तुमच्यामुळं. रंगाचं काही उन्हात न्यायचं नाही, हे माझ्या हातांनाच पाठ. दहावीत मी लाल सुताच्या लड्या गच्चीवर वाळत घातल्या, त्या फिक्या पडल्या, आणि तुम्ही सगळ्यांदेखत कान पिळलात. "ऊन रंग खातं रं! किती डाव सांगू?" तेच तर हवं होतं आम्हांला, खाणारं ऊन.

बादली उन्हात आली. दुपारी पाणी गुलाबी, चारच्या चहाला नितळ. मग छतावर उथळ हौद बांधला. भुकटी तळाशी बसली की वरचं पाणी सोडतो. काल कागद आला, नमुना पास. शेठ मलाच खांद्यावर घ्यायला निघाला, कंबर धरून बसला. सरांना जाऊन सांगणार होतो, खरंच बादली पुरली म्हणून.

हे पत्र तुमच्या रंगाच्या डब्यात ठेवतोय. एक राहिलं. दहावीत लड्या उन्हात का घातल्या विचारलंत, तेव्हा मी म्हणालो होतो, सावलीत जागा नव्हती. जागा होती. तिथून तिची गच्ची दिसत नव्हती. तिला अजून बोललो नाही, पहिल्यांदा तुम्हांलाच सांगतोय.