पुष्पाच्या गाडीची चार चाकं

३ मार्च
निवृत्तीला आज दोन महिने पूर्ण. घरी बसलेला माणूस गंजतो. आपण गंजायचं नाही, हे पंचायत समितीतल्या शेवटच्या दिवशीच ठरवलं होतं. काम शोधत होतो. सापडलं.

पुष्पाच्या गाडीच्या अलॉय व्हीलचा रंग उडालाय. पुष्पा एकोडीच्या उपकेंद्रात नर्स आहे. आमच्या कारध्याहून रोज स्वतः गाडी चालवत जाते. मी चालवायला शिकलो नाही, पण गाडीतलं मला जास्त समजतं. २० तारखेला तिचा वाढदिवस. तोवर चारही चाकांचं घरच्या घरी पावडर कोटिंग करायचं. रंगाची कोरडी पूड विजेच्या गनने धातूवर उडवायची, ती चिकटली की भट्टीत दोनशे डिग्रीवर वितळवायची. बस. व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे. म्हणजे काम फार तर दोन दिवसांचं.

रंग: गनमेटल, म्हणजे काळपट राखाडी. तिला विचारलं नाही. सरप्राइज.

९ मार्च, सकाळी ९
सरप्राइज फुटलं. काल ती बसनं माहेरी गेली असताना चाकं काढून पंक्चरवाल्याकडून टायर वेगळे करून आणले. गाडी विटांच्या चार थप्प्यांवर. आज पुष्पा डबा आणि पर्स घेऊन शेडमध्ये आली. मी पूर्ण योजना सांगितली. तिनं एवढंच विचारलं, मग मी जाऊ कशी? बुधवारपर्यंतचाच प्रश्न आहे म्हटलं. एसटीनं साकोली, तिथून काळीपिवळी जीप. गाडीनं तास लागत नाही, बसनं दोन-अडीच तास लागतील. पण बसमध्ये माणसाला बसायला मिळतं. तिला आरामाची गरज आहेच.

१२ मार्च
बुधवार गेला. कोणता बुधवार, हे मी स्पष्ट केलं नव्हतं.

जुना रंग काढायचं द्रव्य फार जहाल. एका चाकाचा अर्धा रंग निघाला. माझ्या डाव्या हाताचा पूर्ण.

१६ मार्च
भट्टीचा प्रश्न सोडवला. चाक मावेल एवढी भट्टी भंडाऱ्यात मिळत नाही. आणि घरात लोखंडी कपाट आहेच! पुष्पाच्या आंदणातलं, दणकट. आत विशेष काही नव्हतं, साड्याच. त्या चार पोत्यांत नीट भरल्या. कपाटात हीटरच्या कॉइल बसवल्या, बाहेरून ग्लासवूल, म्हणजे उष्णता धरणारा काचेचा कापूस, गुंडाळलं. अंगाला सुटलेली खाज बहुतेक उन्हामुळे.

पुष्पा संध्याकाळी साडेसातला आली. रिकामी जागा पाहिली, पोती पाहिली. एक हिरवी साडी काढून मांडीवर घेतली, परत घडी केली, परत पोत्यात ठेवली. विरोध असता तर बोलली असती.

२० मार्च
वाढदिवस. पहिल्या चाकावर गन चालवली. पूड चाकाला चिकटेना. व्हिडिओ परत पाहिल्यावर कळलं की चाकाला अर्थिंग लागतं. आमच्या शेडला अर्थिंग नाही. ते मला गनला हात लावला तेव्हाही कळलं होतं.

उडालेली पूड वाऱ्यानं शेजारी गेली. सुमनबाईनं अंगणात मुगाच्या वड्या घातल्या होत्या. त्यांचे मिस्टर गोमाजी एका ताटात नमुना घेऊन आले. शांत माणूस. म्हणाले, भाऊ, एवढं सांगा, हे खाता येते का नाही. मी म्हटलं, भाजल्याशिवाय नको. ते ताट ठेवून गेले.

पुष्पाला उपकेंद्रातल्या बायांनी केक आणला होता म्हणे. माझ्यासाठी डब्यात तुकडा घेऊन आली. छान होता.

२९ मार्च
अर्थिंग केलं. पूड चिकटली! चाक कपाटात टांगलं, कॉइल सुरू केल्या. चौदाव्या मिनिटाला घराची लाइट गेली. मग कळलं, शेजारची पण गेली. वायरमन येईपर्यंत चार तास. चाक बाहेर काढलं तर खडे मीठ लावलेल्या कैरीसारखं दिसत होतं. परत रंग काढणे. परत घासणे.

तापमान दाखवायचं यंत्रही गेलं. हरकत नाही. तव्यावर बाया यंत्र लावतात का?

४ एप्रिल
गोमाजी कुंपणापाशी थांबून म्हणाले, वहिनी सकाळी फाट्यावर दिसली, बस थांबली नाही, उन्हात उभी होती. मी म्हटलं, चाकं आता शेवटच्या टप्प्यात आहेत. ते म्हणाले, मी चाकांचं नाही विचारून राहिलो.

त्यांना अजून वड्यांचा राग असावा.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून काम.

५ एप्रिल, ९.४०
उठलो.

९ एप्रिल
हे लिहू नये असं वाटत होतं. पण वही माझीच आहे.

आज उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. पुष्पाची सकाळची बस आलीच नाही. दुसरी साकोलीच्या अलीकडे बंद पडली. ती पोहोचली साडेबाराला. घरी आल्यावर हातपाय धुतले, आत गेली नाही, सरळ शेडमध्ये आली. मी घासत होतो. मला वाटलं, पाहायला आली. दुसरं चाक दाखवलं.

ती म्हणाली, "बाया लेकरं घेऊन दोन-अडीच घंटे बसल्या होत्या. सहा जनी वापस गेल्या. उरलेल्या मले काही म्हनल्या नाही. एकीनं उलट पानी देल्लं."

मी एसटीबद्दल बोललो. वेळापत्रक, जुन्या गाड्या, ऊन. बरंच बोललो. माझं संपेपर्यंत ती थांबली. मग आत जाऊन तिनं वरण-भात लावला.

आपली चूक नाही. बस बंद पडली, चाक नाही. हे दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा नीट वाटलं नाही.

१० एप्रिल
तिला म्हटलं, उद्याच टायरवाल्याला बोलावून जुनीच चाकं लावून टाकतो. ती बरं म्हणाली. शेडमध्ये जाऊन पाहिलं. जुनी चाकं म्हणजे हीच. एक भाजलेलं, एक अर्धं सोललेलं, दोन द्रव्यात बुडवलेली. लावण्याजोगं एकही नाही. आता मागे फिरता येत नाही, म्हणून पुढेच जायचं. याला मी निर्धार म्हणतो.

२ मे, दुपारी ४
झालं! चारही चाकं! गनमेटल!

चौथं चाक भट्टीत असताना जरा डोळा लागला, त्यामुळे ते किंचित तपकिरी. जवळून पाहिलं तर फोड आहेत. चालत्या चाकाला जवळून कोण पाहतं?

पुष्पाला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. ती कामात असेल.

४ मे
टायर बसवून आणले आणि मेकॅनिक अंकुशला घरी बोलावलं. पोरगा हुशार, पण नव्या तंत्राबद्दल त्याला आकस दिसतो. नट भोकांत नीट बसेनात. म्हणाला, भोकांत आणि मागच्या बाजूला जाड थर झाला, हा थर दबला की नट ढिले पडतात. मी म्हटलं, खरवडून टाकू. मग त्यानं तपकिरी चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, किती डिग्रीवर, किती वेळ? मी म्हटलं, अंदाजानं.

त्यानं पाना पेटीत ठेवला. "काकाजी, अलॉय जास्त तापलं का कमजोर होते. हायवेवर ट्रकच्या बाजूनं जाते काकू. मी नाही कसत हे नट."

दुसरा मेकॅनिक बोलावतो म्हटलं. बोलवा, म्हणाला, पण काकूले सांगून बोलवा.

पुष्पा दारात उभी होती, आज तिची सुट्टी होती. तिनं अंकुशला चहा दिला. मला पण दिला.

५ मे
दुसरा मेकॅनिक बोलावला नाही.

६ मे
काही नाही.

१६ मे
पुष्पानं जेवताना सांगितलं की उपकेंद्राच्या मागचं क्वार्टर रिकामं आहे, तिनं अर्ज केला होता, मिळालं. सोमवारपासून तिथंच राहीन म्हणाली. भांडणाचा स्वर अजिबात नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आलं असतं. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, पाहू.

मी म्हटलं, मी पण येतो. ती म्हणाली, "तुमी इथंच राहा जी. मले तिथं काम करू द्या."

१८ मे, सायंकाळी ७
सकाळी आठला अंकुश आला. पुष्पानं त्याला साधी लोखंडी चाकं आणायला सांगितलं होतं. काळी, कारखान्यातून आलेली. जॅक लावला, चारही बसवली, विटा बाजूला केल्या. चाळीस मिनिटं. मला पाना धरायलाही सांगितलं नाही. मीच एकदा धरला.

साड्यांची पोती मी डिकीत ठेवली. पुष्पानं गाडी मागे घेतली, आरशात पाहिलं, काच खाली करून म्हणाली की दूधवाल्याला अर्धाच लिटर सांगितलंय. गेली. गोमाजी कुंपणापाशी होते. माझ्याकडे पाहून आत निघून गेले. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारभर शेड झाडलं. पूड फार बसली आहे, झाडली की उडते आणि परत बसते.

सहाला फोन केला. पोहोचली, क्वार्टरला पंखा आहे, पाणी येतं. त्या सहा बायांबद्दल मी आजवर विचारलं नव्हतं. आज विचारलं. पाच जणी नंतर आल्या, सहावीच्या घरी ती आज गाडीनं जाऊन आली. मी म्हटलं, रविवारी येशील ना. पाहते म्हणाली. थोड्या वेळानं परत विचारलं. येते म्हणाली.

जेवलात का, तिनं विचारलं. हो म्हणणार होतो. नाही म्हटलं. भात कसा लावतात, विचारलं. तिनं सावकाश सांगितलं, मी लिहून घेतलं.

एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. तीन शिट्या. मग गॅस बंद करायचा आणि झाकण लगेच उघडायचं नाही.